कोरड्या सोतांचा प्रदेश

उत्तराखंडातल्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाच्या धनगढी फाटकातून आत शिरल्यावर पहिल्या तासाभरात आमच्या जिप्सीने सात ओढे ओलांडले आणि त्यांपैकी एकातही ओंजळभर पाणी नव्हते. पात्रे मात्र लहान नव्हती. काही शंभर-सव्वाशे पावले रुंद भरतील अशी होती आणि या काठापासून त्या काठापर्यंत पांढऱ्या, करड्या, तांबूस गोट्यांनी भरलेली. मुठीएवढ्या गोट्यापासून बैलाच्या पोटाएवढ्या धोंड्यापर्यंत सगळे घासून गुळगुळीत झालेले. इतके दगड वाहून आणणारे पाणी साधेसुधे असणार नाही हे उघड होते. पण ते गेले कुठे, हे कळत नव्हते. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. आम्ही अमरावतीकडची माणसे, उन्हाळ्यात आटलेला नाला आम्हाला नवा नाही. मात्र मेळघाटात सिपना आटली तरी तिच्या खडकाळ पात्रात जागोजागी डोह उरतात आणि त्या डोहांच्या आधाराने रान उन्हाळा काढते. इथे डोह नव्हता, ओल नव्हती, एखाद्या वळणावर वाळलेले शेवाळसुद्धा नव्हते. मी गाइडला विचारले, तेव्हा त्याने हाताचा पंजा जमिनीकडे दाबून दाखवला आणि तो म्हणाला, "सर, पानी है. नीचे है."

तिकडे अशा ओढ्याला सोत म्हणतात. कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात आम्ही तीन दिवस राहिलो, आणि परतल्यापासून भेटेल तो एवढेच विचारतो, की वाघ दिसला का. दिसला, त्याविषयी पुढे लिहितो. पण या जंगलात कोणते झाड कुठे उगवते, कोणता प्राणी कोणत्या महिन्यात कुठे जातो आणि त्याची माणसाशी गाठ नेमकी कुठे पडते, या सगळ्याचे उत्तर त्या "नीचे है"मध्ये आहे, असे मला तिथे असताना वाटू लागले, आणि आज लिहायचे आहे ते त्याबद्दल.

उद्यानाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३६ साली हेली राष्ट्रीय उद्यान या नावाने ते स्थापन झाले. हेली हे तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे आधीचे गव्हर्नर. देशातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान. स्वातंत्र्यानंतर काही काळ त्याला रामगंगेचे नाव होते आणि १९५५ साली शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट केनियात वारले, त्यानंतर त्यांचे नाव देण्यात आले. (मला स्वतःला रामगंगा हेच नाव अधिक शोभले असते असे वाटते, पण ते असो.) १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात याच उद्यानातल्या ढिकाला येथून झाली, आणि त्या वेळच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आमचा मेळघाटही होता. त्यामुळे तिकडे जाताना आपण थोरल्या चुलत घरी चाललो आहोत अशी माझी भावना होती. प्रत्यक्षात ते घर अगदीच वेगळ्या मातीचे निघाले, आणि इथे हा शब्दप्रयोग मी अक्षरशः करतो आहे.

मेळघाटातले गाविलगडचे डोंगर काळ्या कातळाचे आहेत. तो कातळ लाव्हारसाच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हिमालयाच्या पायथ्याशी उभी असलेली शिवालिकची रांग त्या मानाने कालची पोर आहे. हिमालय उंचावत असताना त्याच्या अंगावरून नद्यांनी जो गाळ, जी वाळू आणि जे गोटे खाली आणून टाकले, त्यांचे लाखो वर्षे थर साचले. पुढे हेच थर दाबले जाऊन, घड्या पडून, वर उचलले गेले आणि त्यांची टेकाडे झाली. म्हणजे हिमालयाच्या झिजेचाच हा डोंगर. रस्त्याच्या कडेला दरड कापलेली होती तिथे मी मुद्दाम उतरण्याची परवानगी मागितली, ती अर्थातच मिळाली नाही. परंतु गाडीत बसूनही दिसत होते, की त्या दरडीच्या पोटात तसेच गुळगुळीत गोटे चिकणमातीत आणि वाळूत रुतून बसले आहेत. तेच गोटे पावसात सुटतात, सोतात येतात आणि पुन्हा घरंगळू लागतात. त्या पात्रातल्या एखाद्या गोट्याने नदीचा प्रवास दोनदा केलेला असणार, एकदा ही टेकडी नव्हती तेव्हा आणि एकदा आता.

डोंगर उतरून सपाटीला लागताना नद्यांचा वेग एकदम मोडतो आणि जड ओझे त्या तिथेच टाकून देतात. त्यामुळे शिवालिकच्या दक्षिण पायथ्याशी दगडगोट्यांचा एक जाड पट्टा तयार झाला आहे. त्याला भाबर म्हणतात. भाबर नावाचे एक चिवट गवत तिथे उगवते, त्याचे दोर वळतात, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. या पट्ट्याची रुंदी कुठे आठ, कुठे पंधरा किलोमीटर. पाणी त्यावरून वाहत नाही, त्यातून झिरपत खाली जाते, चाळणीवर ओतल्यासारखे. लहान ओढे तर पाऊस थांबला की थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. मग बऱ्याच अंतरावर, जिथे गोटे संपून बारीक चिकण गाळ सुरू होतो, तिथे हेच पाणी जमिनीतून वर येते आणि दलदल, बोरू, उंच गवत यांचा दुसरा पट्टा सुरू होतो, ती तराई. कुमाऊंच्या डोंगरातली माणसे पूर्वी हिवाळ्यात गुरे घेऊन भाबरात उतरत आणि उन्हाळा लागला की वर परतत, कारण उन्हाळ्यात इथे पाणी नाही आणि पावसाळ्यात तराईचा हिवताप जवळ. खुद्द कॉर्बेट कुटुंबही उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा कालाढुंगीच्या घरी, असेच राहत असे.

पाण्याचा हा स्वभाव लक्षात घेतला म्हणजे सालवृक्षाचे राज्य कसे आले ते समजते. या उद्यानाचा बहुतांश भाग, सुमारे तीन चतुर्थांश, सालाच्या जंगलाने व्यापलेला आहे. आपल्याकडे राज्य सागाचे, त्यामुळे सालाची आपली ओळख देवघरापुरती. धुपात टाकतो ती राळ याच झाडाची. सालाला पाय रोवायला खोल, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, आणि भाबराइतकी निचऱ्याची जमीन दुसरी कुठली? त्याचे मूळ खाली, फार खाली जाते. मेळघाटचा साग एप्रिलमध्ये पार निष्पर्ण असतो आणि रान एखाद्या जळून गेलेल्या गावासारखे दिसते; सालाने मात्र फाल्गुनातच जुनी पाने टाकून नवी घेतलेली होती आणि भर उन्हाळ्यात ते जंगल आषाढासारखे हिरवे होते. खाली कोरडे दगड आणि वर ओले हिरवे छत, हा विरोध पहिल्या दिवशी मला पटतच नव्हता.

सालाचे बी हा आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे. त्याच्या फळाला पंख असतात. ते जूनच्या सुमाराला, पाऊस तोंडावर आला असताना, भिरभिरत खाली येते आणि त्याची उगवण्याची ताकद जेमतेम आठवडाभर टिकते. तेवढ्यात पाऊस आला तर रोप, नाही तर त्या वर्षीचे सगळे बी वाया. उगवलेले रोपही पहिली काही वर्षे उन्हाळ्यात वरून वाळते आणि पावसात मुळापासून पुन्हा फुटते. असे मरत-जगत ते आपले मूळ खाली उतरवत राहते, आणि पाण्यापर्यंत पोचल्यावर मगच उंची घ्यायला लागते. सालाच्या सावलीत रोहिणीची झाडे भरपूर आहेत, आपण ज्याला कुंकुफळ किंवा शेंदरी म्हणतो ती. फळावरची लाल पूड बोटाला लागते. सालाखेरीज जी झाडे भेटली त्यांत काही आमच्या ओळखीची निघाली. खडकाळ उतारावर धावडा होता, आणि हेदू होता, ज्याला तिकडे हल्दू म्हणतात; हल्द्वानी गावाचे नाव त्यावरून पडले आहे. परमुलखात ओळखीचे झाड दिसले की जरा हायसे वाटते. पत्नीने धावड्याकडे पाहून "हा इथे कसा?" असे जणू एखाद्या भाच्याला विचारावे तसे विचारले.

सालाचे रान देखणे खरे, पण चरणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने ते गरीब आहे. सावलीत गवत थोडे, पाणी नाही. दुपारभर फिरूनही एखादे भेकर, लंगुरांची टोळी आणि रानकोंबडे यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. सर्पदुलीचे विश्रामगृह ओलांडून रस्ता नदीच्या अंगाला लागतो आणि तिथे सगळे बदलते. रामगंगा ही हिमनदीतून निघालेली नाही. दुधातोलीच्या रांगेत उगम पावून झऱ्यांवर आणि पावसावर जगणारी ती नदी आहे, पण बारमाही आहे. शिवालिक आणि मूळ हिमालय यांच्या मधल्या लांबट खोऱ्याला दून म्हणतात. डेहराडूनचा दून तोच. या दूनचे नाव पाटली दून. रामगंगा मरचुल्याजवळून इकडे येते, या दूनमधून पश्चिमेला वाहते आणि कालागढ येथे शिवालिकची रांग फोडून बाहेर पडते. सगळे कोरडे असताना एवढे एक वाहते पाणी आणि त्याच्या दोन्ही अंगांना गवताळ मैदाने, ज्यांना चौड म्हणतात. उन्हाळ्यात अख्ख्या रानाला इथे यावेच लागते.

हाय बँक नावाच्या कड्यावरून खाली डोहात पाहिले तर पाण्याच्या निळसर काचेतून महशीर मासे दिसतात, सोनेरी खवल्यांचे, हातभर आणि त्याहून मोठे, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की ते उलटे वर चढतात आणि मंदालसारख्या उपनद्यांच्या गोटाळ तळात अंडी घालतात. ज्या पात्रांना आपण उन्हाळ्यात मेलेली समजतो, ती श्रावणात माशांची बाळंतिणीची खोली असतात. त्याच डोहाच्या वाळूवर मगरी पडल्या होत्या, आणि थोड्या अंतरावर, त्यांच्यापासून फटकून, दोन घडियाल. घडियालाचा जबडा लांब, काठीसारखा बारीक. तो मासे पकडण्यासाठीच घडलेला आहे. मोठ्या नराच्या नाकावर मडक्यासारखा उंचवटा येतो, त्या घड्यावरून हे नाव. जमिनीवर हा प्राणी अतिशय दुबळा, पोटावर घसटत सरकणारा; त्यामुळे त्याला नदीला लागून वाळूचा काठ हवाच. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या वाळूत अंडी घालते आणि पुरापूर्वी पिल्ले बाहेर येतात. वाळू उपसली गेलेल्या नदीत घडियाल का राहत नाही, हे त्या दोघांकडे पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ढिकाल्याचे विश्रामगृह अगदी दूनच्या काठावर आहे. पुढे कित्येक मैल चौड पसरलेले आणि त्याच्या पलीकडे पाण्याची रेघ. ही रेघ म्हणजे नदी नव्हे, कालागढच्या धरणाचा जलाशय. १९७४ साली हे धरण पूर्ण झाले आणि पाटली दूनचा सर्वांत सखल, सर्वांत सुपीक भाग, सुमारे चाळीस चौरस किलोमीटर, पाण्याखाली गेला. बुडणाऱ्या जागेची भरपाई म्हणून उद्यानाची हद्द आधीच, १९६६ साली, वाढवून ५२० चौरस किलोमीटर करण्यात आली होती. पण नदीकाठच्या गवताळ जमिनीची भरपाई डोंगरउताराने होत नाही, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे. हत्तींच्या नदी ओलांडण्याच्या जुन्या वाटाही त्या पाण्याने तोडल्या.

एवढे लिहिल्यावर मला दुसरी बाजूही लिहिणे भाग आहे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली. धरणातले पाणी हिवाळा-उन्हाळ्यात शेतीसाठी सोडले जाते आणि जलाशय हळूहळू मागे हटतो. त्याच्या मागे ओला गाळ उघडा पडतो आणि त्या गाळावर, भर वैशाखात, जेव्हा बाकी सगळ्या चौडांवरचे गवत वाळून कडक झालेले असते तेव्हा, कोवळी लुसलुशीत हिरवळ उगवते. हत्तींना हे ठाऊक आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सालाच्या रानातून एकेक कळप उतरू लागला. आधी एक म्हातारी हत्तीण, मग तिच्या मागे लेकी-नाती, पिल्ले पोटाखाली. थोड्या वेळाने दुसरा कळप, मग तिसरा. मी चौतीसपर्यंत मोजले आणि मग मोजणे सोडून दिले. ते सोंडेने गवताचा झुबका उपटत, पुढच्या पायावर आपटून त्याची माती झटकत आणि मग तोंडात घालत. आपल्याकडे बाजारातून आणलेल्या मेथीची जुडी झटकतात, अगदी तसे. धरणाने दून बुडवला आणि त्याच धरणाने उन्हाळी कुरण दिले, ही दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यांची वजाबाकी करून एक उत्तर काढण्याचा मोह मी आवरला. मात्र हे कुरण पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे, आणि ते वेळापत्रक हत्तींना विचारून ठरत नाही.

चौडावरच्या उंच गवतात पाढा राहतो. हे हरिण चितळापेक्षा बुटके, आणि सांबरासारखे उडी मारून जाण्याऐवजी डुकरासारखी मान खाली घालून गवतातून घुसत पळते. तराईतला गवताळ प्रदेश बराचसा शेतीखाली गेल्याने त्याला राहायला फार थोड्या जागा उरल्या आहेत. चौडातही सगळे ठीक नाही. घाणेरी आणि रानटी भांग मोठ्या प्रमाणात पसरली आहे आणि ती कुणी खात नाही. वनखाते थंडीनंतर गवत टप्प्याटप्प्याने जाळते, म्हणजे नवे फुटते आणि साल व इतर झाडे मैदानात घुसत नाहीत.

आता वाघ. दुसऱ्या दिवशी सकाळी सांबराचा धोक्याचा कॉल झाला, पाठोपाठ लंगूर ओरडले, आणि बघता बघता नदीच्या उतारावर बारा-तेरा गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. वाघीण पाण्यात बसलेली होती, पाठमोरी, मानेपर्यंत बुडून, डोके तेवढे वर. चार-पाच मिनिटांनी उठली, अंग झाडले, काठावरच्या शिसवीच्या झाडांत शिरली आणि नाहीशी झाली. २०२२च्या गणनेत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० वाघांची नोंद झाली. देशातल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा ही संख्या अधिक आहे. इतकी की इथले काही वाघ २०२० पासून शेजारच्या राजाजी प्रकल्पाच्या पश्चिम भागात नेऊन सोडण्यात आले. संख्या ऐकून लोक खूश होतात, पण माझ्या मनात त्या वाघिणीच्या बसण्याची जागा राहिली. तिला उन्हाळ्यात बसायला पाणी हवे, सांबरालाही हवे, आणि पाणी थोड्याच जागी आहे. म्हणून इतके वाघ त्या नदीकाठी आपल्याला दिसतात.

पूर्वेच्या बाजूला हेच गणित माणसांच्या अंगावर येते. उद्यानाची पूर्व सीमा कोसी नदीच्या जवळून जाते. आतले सोत कोरडे पडले की त्या भागातल्या हत्तींना आणि हरणांना कोसीवर यावे लागते, आणि नदीपलीकडच्या रामनगर वनविभागाच्या जंगलात जाण्यासाठीही ती ओलांडावी लागते. उद्यान आणि कोसी यांच्या मधोमध रामनगरहून वर जाणारा हमरस्ता आहे, आणि ढिकुली ते गर्जिया या टापूत रस्त्याच्या कडेने रिसॉर्टच्या भिंती उभ्या आहेत. चिल्किया–कोटा या नावाने हत्तींचा जो येण्याजाण्याचा मार्ग ओळखला जातो, तो याच भागातला. आम्हीही पहिल्या रात्री अशाच एका रिसॉर्टात उतरलो होतो, खिडकीतून नदी दिसते म्हणून चार पैसे जास्त देऊन. त्यामुळे या विषयावर फार मोठ्या आवाजात बोलण्याचा अधिकार मला नाही. रात्री जेवताना पलीकडच्या बागेत लग्नाचे गाणे वाजत होते. सकाळी आमच्याच कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, हत्तीची ताजी लीद पडलेली होती आणि तिचा माग कुंपणाला समांतर पुष्कळ लांबपर्यंत, फट शोधत गेल्यासारखा, गेलेला होता.

परतीला आम्ही रामनगरहून दिल्लीपर्यंत मोटारीने आलो. रामनगर सोडले तेव्हा रस्त्याच्या कडेच्या शेतातून गोटे वेचून बांधावर रचलेले दिसत होते. काशीपूरच्या अलीकडे ते कमी झाले, मग संपले. माती काळपट आणि बारीक झाली, उसाची शेते आली, हवा दमट झाली. चहासाठी थांबलो त्या ठिकाणी शेताच्या कोपऱ्यात जमिनीतून एक लोखंडी पाइप गुडघाभर वर आलेला होता आणि त्यातून मनगटाएवढी धार सतत पडत होती. जवळ मोटार नव्हती, विजेची तार नव्हती, हातपंपाचा दांडा नव्हता. मी चहावाल्याला विचारले की हे बंद कसे करता. तो म्हणाला, बंद होत नाही, रात्रंदिवस असेच चालते, नुसते भोक पाडले की पाणी आपोआप वर येते. पत्नीने धारेखाली हात धरले, तोंड धुतले आणि पाणी थंडगार असल्याचे सांगितले. आम्ही दोन्ही बाटल्या तिथेच भरून घेतल्या.